टाके निघाले, पुढे काय?

भडगावहून पाचोऱ्याला किंवा चाळीसगावला जाताना मोटारसायकल घसरते, डोक्याला मार लागतो. रुग्णाला जळगाव, धुळे नाहीतर नाशिकला हलवतात. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, माणूस चालत घरी येतो. काही महिन्यांनी घरचे येऊन सांगतात, "डॉक्टर, जीव वाचला, पण हा पहिल्यासारखा राहिला नाही." पुनर्वसनाचं माझं काम तिथून सुरू होतं.

मेंदूची इजा म्हटलं की मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यात गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. पण माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण चालतात, बोलतात, हातानं जेवतात. म्हणूनच त्यांचं दुखणं कुणाच्या लक्षात येत नाही.

डोकं जोरात आपटलं की मेंदू कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो. कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांना जास्त मार बसतो. राग आवरणं, कामाला हात घालणं, नवं लक्षात ठेवणं ही त्याच भागांची कामं. पक्षाघात, मेंदूज्वर, पाण्यात बुडणं यांतूनही अशी इजा होते. मग शांत मुलगा क्षुल्लक कारणावरून भडकतो, सांगितल्याशिवाय जागचा हलत नाही. एखाद्या बाईचा वासच जातो, भाजी करपलेली कळत नाही. लोक आळशी म्हणतात, 'माजलाय' म्हणतात, कुणी उतारा टाकतं. हा स्वभाव नव्हे, मेंदूची जखम आहे.

केळीच्या बागेत ठिबक चालवणाऱ्या तरुणाचं उदाहरण घ्या. व्हॉल्व्ह न उघडताच तो मोटार सुरू करतो, मग बंद करायला विसरतो. रागावून काही साधत नाही. स्टार्टरच्या पेटीवर तीन मोठी चित्रं चिकटवायची: व्हॉल्व्ह उघड, मोटार चालू कर, मोबाईलचा गजर लाव. गजर झाला की मोटार बंद. रोज तोच क्रम, आरंभी कुणीतरी सोबत. मेंदू लवकर थकतो, म्हणून रात्रपाळीची वीज असेल तेव्हा हे काम दुसऱ्यानं करायचं. विस्मरण पूर्ण जाईलच असं नाही, पण काम त्याच्या हाती परत येऊ शकतं.

काही गोष्टींत मात्र थांबू नये. डोकेदुखी वाढत चालली, गुंगी येऊ लागली, फिट आली, तर मार लागून काही आठवडे झाले असले तरी तडक रुग्णालय गाठा. फिटच्या गोळ्या मनानं बंद करू नका. दारू पूर्ण वर्ज्य.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; मेंदूच्या इजेचा वेगळा प्रकार त्यात नाही. तरी तिच्यामुळे हालचाल किंवा वाचा यांत कायमची उणीव राहिली असेल, तर त्या प्रकारात प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तो जरूर करा.

घरात असा कुणी असेल, तर त्याला चारचौघांत बोल लावू नका. एका वेळी एकच काम सांगा, आणि त्याला सांभाळणाऱ्या आईला, बायकोला आठवड्यातून एक दिवस तरी सुटी द्या.