धबधब्यातून उडणारा माणूस

मुलांच्या खेळांना नावे ठेवणे हा वडीलधाऱ्या मंडळींचा फार जुना हक्क आहे. विटीदांडूने डोळा फुटतो, पत्त्यांनी घर बुडते, पतंगापायी पोर गच्चीवरून पडते आणि क्रिकेटने शेजाऱ्यांच्या काचा फुटतात, हे ऐकत ऐकत प्रत्येक पिढी मोठी झाली. आणि मोठी झाल्यावर तेच पुढच्या पिढीला ऐकवू लागली. आता पाळी आली आहे ती संगणकावरच्या खेळांची. त्यांच्याविषयी आपल्या घरांतून दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘किती वेळ झाला?’ आणि दुसरा, ‘अभ्यास केव्हा?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मीही ते विचारले आहेत. परंतु नाटक पाहून आलेल्या माणसाला ‘किती तास बसला होतात?’ एवढे विचारून आपण थांबतो का? दुसरा अंक रेंगाळला का, शेवट ओढूनताणून आणला होता का, याची आपण चौकशी करतो. खेळाची तेवढी चौकशी करायची नाही, असा मात्र आपला रिवाज दिसतो. जणू काही सगळे खेळ सारखेच. घड्याळ पाहिले की पालकाचे काम झाले!

खेळसुद्धा नाटकासारखाच बांधावा लागतो आणि त्याची बांधणी फसली म्हणजे उत्तम नेपथ्यही त्याला वाचवू शकत नाही, हे मला ‘अँथम’ नावाच्या एका खेळाने शिकवले. २०१९ च्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला, तो हा खेळ घेऊनच. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने तो तयार केला होता, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने तो प्रसिद्ध केला होता, आणि २२ फेब्रुवारी २०१९ रोजी तो बाजारात आला होता. कथा विज्ञानकथेची. निर्मात्यांनी सृष्टी घडवता घडवता अर्धवट सोडून दिलेले एक जग. तिथली माणसे तटबंदीच्या आत जीव मुठीत धरून राहतात. आणि काही धाडसी लोक यांत्रिक चिलखत चढवून तटाबाहेरच्या रानात जातात. या चिलखताला जॅव्हलिन, म्हणजे भाला, म्हणतात. चिलखते चार प्रकारची, आणि खेळाडूही एका वेळी चारांपर्यंत. एक पुण्यात, दुसरा दुबईत, तिसरा आणखी कुठे. इंटरनेटच्या तारेवर चौघे एकत्र यायचे आणि राक्षसांशी लढायचे.

एका दुपारी भाच्याने माझ्या हातात ते यंत्र दिले. म्हणाला, “मामा, खाली बघू नकोस. कड्यावरून सरळ उडी मार आणि हे बटण दाब.” मी उडी मारली आणि उडालो! खरोखर उडालो, असेच म्हटले पाहिजे. कारण डावीकडे वळताना मी खुर्चीतही डावीकडे कलत होतो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझी बहीण पदराआड हसत होती. खाली हिरवेगार अरण्य, मध्ये पडक्या कमानी, दूर कुठे तरी पाण्याचा पांढरा पट्टा. थोड्या वेळाने चिलखताची इंजिने तापू लागली. फार तापली तर ती बंद पडतात आणि माणूस दगडासारखा खाली येतो. “धबधब्यात घुस!” भाचा ओरडला. मी धबधब्यातून आरपार गेलो, इंजिने गार झाली आणि मी पुन्हा वर चढलो.

या एका युक्तीवर मी मनातल्या मनात त्या अनामिक कारागिरांना दंडवत घातला. पाहा, किती साधा नियम! उडताना ऊब वाढते. पाण्याने किंवा सूर मारून खाली झेपावल्याने ती उतरते. परंतु त्यामुळे होते काय, की खेळणारा माणूस त्या प्रदेशाकडे डोळे उघडून पाहू लागतो. धबधबा हे नुसते चित्र राहत नाही. तो कामाचा होतो. कुठे पाणी आहे, किती लांब आहे, तोवर इंजिने दम धरतील का, असा हिशेब मन आपोआप करू लागते आणि त्या हिशेबातच मौज असते. विटी उडवताना दांडूचा नेमका ठोका बसला म्हणजे हाताला जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद. त्याला बक्षीस लागत नाही.

आता वाचक विचारतील, मग बिघडले कुठे? बिघडले ते इथे, की त्या कारागिरांनी हा आनंद निर्माण केला आणि नंतर बाकीचा सारा खेळ जणू त्याच्या आड येण्यासाठी रचला. दोन मोहिमांच्या मध्ये फोर्ट टार्सिस नावाच्या गढीत परत यावे लागे. तिथे चिलखत नाही, उडणे नाही; गल्लीबोळांतून पावले टाकत जायचे, याचे ऐकायचे, त्याला उत्तर द्यायचे. मग बाहेर पडायचे तर लोडिंग, म्हणजे यंत्र पुढचा देखावा मांडीपर्यंत नुसत्या पडद्याकडे पाहत बसणे. रानातून एखाद्या गुहेत शिरायचे तर पुन्हा लोडिंग. सुरुवातीला तर मोहिमेच्या मध्यावर बंदूकसुद्धा बदलता येत नसे. त्यासाठी परत फिरून वेगळ्या दालनात जायचे आणि तिथेही लोडिंगच. एखादा धबधबा पाहत रेंगाळला आणि बाकीचे तिघे पुढे गेले, तर खेळ त्याला बकोटी धरून उचलणार आणि त्यांच्याजवळ नेऊन ठेवणार. अर्थात मध्ये आणखी एक लोडिंग. लगोरी खेळताना प्रत्येक चेंडूनंतर नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन चिठ्ठी आणावी लागली असती, तर आपल्यापैकी किती जण लगोरी खेळले असते?

दुसरी गोष्ट मोजदादीची. कथा रंगात येते न येते तोच खेळाडूपुढे काही प्राचीन वीरांच्या समाध्या उभ्या राहत. त्यांची दारे उघडायची तर एक यादी पुरी करावी लागे: अमुक इतक्या पेट्या उघडा, अमुक इतके शत्रू अमुक पद्धतीने मारा, पडलेल्या सोबत्यांना अमुक वेळा उठवा. ज्यांच्या हाती खेळ आठवडाभर आधी पडला होता त्यांनी या यादीविरुद्ध ओरड केली, तेव्हा ही मोजणी कथेत बरीच आधीपासून सुरू होईल अशी दुरुस्ती करण्यात आली. दुरुस्ती झाली, पण यादी राहिलीच. सोबत्याला उठवणे ही खरे म्हणजे किती सुंदर गोष्ट! परंतु ती तिसऱ्यांदा केली की चौथ्यांदा, हे वहीत मांडावे लागले की तिचा उपकार संपतो आणि हजेरीपट सुरू होतो. मदत करणारा मनुष्य मग कोणी पडण्याची वाट पाहू लागतो!

तिसरी गोष्ट लुटीची. ‘लूट’ हा शब्द इंग्रजीने आपल्याच देशातून उचलला आणि आता अशा खेळांतून तो परत आपल्या पोरांच्या तोंडी आला आहे. शत्रू मारावा, त्याने हत्यार टाकावे, ते आधीच्यापेक्षा सरस असावे, मग त्याहून मोठा शत्रू मारावा, असे हे चक्र. चक्र वाईट आहे असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे खेळायचा खेळ म्हटला की माणसाला परत बोलावण्यासाठी काही तरी आमिष लागणारच. परंतु आमिषाचाही हिशेब चोख हवा. खेळ बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत खेळाडूंना असे आढळले, की अगदी पहिल्या पायरीवरची साधी बंदूक वरच्या पायरीवरच्या दुर्मीळ बंदुकांपेक्षा शत्रूला लवकर लोळवते! बळाचे गणित अंगावरच्या साऱ्या वस्तूंच्या सरासरीवर बेतलेले होते आणि त्या सरासरीने घोटाळा केला होता. ज्यांनी रात्री जागवून हत्यारे मिळवली त्यांनी काय समजायचे? पुढे एकदा चुकून लूट भरघोस पडू लागली. काही तास खेळाडूंत नुसती दिवाळी उसळली. आणि चूक लक्षात येताच ती दुरुस्त झाली. आपण दसऱ्याला सोने लुटतो, ती आपट्याची पाने असतात. त्या पानांना बाजारात मोल नाही. तरी ती घेऊन माणूस दहा घरी जातो, कारण खरा सण त्या जाण्यात असतो. अँथममध्ये जाण्याची वाट सुरेख होती, पण सगळ्यांची नजर पानांच्या किमतीवर खिळवून ठेवली होती. आणि ती किंमतही धड लागत नव्हती.

कथा संपल्यानंतर पुन्हा पुन्हा जिंकायला सुरुवातीला तीनच गड होते, आणि त्यांतला तिसरा म्हणजे कथेची शेवटची लढाईच. जेवण संपल्यावर पहिलेच ताट पुन्हा वाढून आणावे, तसा हा प्रकार.

असे का झाले? जेसन श्रायर या अमेरिकन पत्रकाराने २ एप्रिल २०१९ रोजी ‘कोटाकू’मध्ये या खेळाच्या जन्माची हकिगत प्रसिद्ध केली. ती वाचून मला हसू आले नाही. हा खेळ सहा-सात वर्षे घडत होता. परंतु नेमके काय घडवायचे आहे, हेच त्यातली बरीच वर्षे ठरत नव्हते. बंदुकीच्या लढायांसाठी स्वीडनमध्ये तयार झालेल्या फ्रॉस्टबाइट नावाच्या यंत्रणेवर तो उभारायचा होता, आणि ती यंत्रणा साध्या साध्या गोष्टींना अडत होती. सर्वांत नवल म्हणजे उड्डाण! ते कधी खेळात घातले जाई, कधी काढून टाकले जाई. २०१७ मध्ये मालक कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला नमुना दाखवायचा होता, म्हणून ते पुन्हा घालण्यात आले. त्याला ते पसंत पडले, आणि उड्डाण राहिले. म्हणजे ज्या एका गोष्टीने माझ्यासारखा पिकल्या केसांचा माणूस खुर्चीत कलंडला, ती गोष्ट योगायोगाने वाचली होती! कारागिरांच्या हातात कसब नव्हते असे कोण म्हणेल? जग रंगवणारे होते, यंत्र चालवणारे होते. ‘आपल्या खेळात खेळणाऱ्याचे हात क्षणोक्षणी काय करतील?’ हा प्रश्न मात्र वेळेवर विचारला गेला नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत कंपनीने खेळ मुळापासून सुधारण्याचा संकल्प सोडला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तो संकल्पही रद्द झाला. जुलै २०२५ मध्ये सर्व्हर बंद करण्याची तारीख जाहीर करण्यात आली: १२ जानेवारी २०२६. हा खेळ एकट्याने घरी खेळण्याचाही नव्हता. दूरच्या सर्व्हरशिवाय तो चालायचाच नाही. माझा जुना दांडू आजही माळ्यावर आहे. कोणी विटी केली तर उद्या खेळता येईल. पैसे मोजून घेतलेल्या त्या चिलखताला मात्र माळा नाही.

म्हणून पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. घड्याळ जरूर पाहा. पण एकदा मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि तो खेळ त्याच्याकडून काय करून घेतो आहे, तेही पाहा. तो वाट शोधतो आहे, अंदाज बांधतो आहे, चुकून हसतो आहे, की नुसता यादीतले आकडे भरतो आहे? पहिल्या खेळातून उठलेले पोर तुम्हाला जेवताना धबधब्याची गोष्ट सांगेल. दुसऱ्यातून उठलेले पोर मुकाट्याने जेवेल आणि परत यादीकडे जाईल. ‘किती वेळ खेळलास?’ हा प्रश्न दोघांनाही विचारता येतो. ‘आज कुठे उडालास?’ हे विचारून पाहा. उत्तर आले नाही, तर तो खेळ बदलायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला खुशाल आहे, असे मी समजतो.