चेअरमनला 'नाही' म्हणणारा कोणी आहे का?

मंडळी, सप्टेंबर आला. एकीकडे गणपती, दुसरीकडे मोतमावलीची जत्रा आणि मधल्या मध्ये पोस्टमन नाहीतर संस्थेचा शिपाई घरात एक पुस्तिका टाकून जातो. वरती संस्थेचं नाव, खाली 'वार्षिक अहवाल'. आपल्यापैकी निम्मे लोक ती उघडत नाहीत. राहिलेले चेअरमनचा फोटो आणि डिव्हिडंड किती टक्के एवढं बघतात आणि पुस्तिका टीव्हीखाली सरकवतात.

आज त्या पुस्तिकेबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब आहे, पण विषय तुमच्या-आमच्या पैशांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

नंदाखाल, आगाशी, वटार, गास, निर्मळ, पापडी, कुठेही जा, आपल्याकडे प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सभासद असतोच. बँक, पतपेढी, हाऊसिंग सोसायटी, शाळेचं मंडळ, क्रिकेट क्लब. पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेवढ्या काळात अशा सभांच्या बातम्या किती केल्या याचा हिशेब नाही. एक गोष्ट मात्र सतत दिसत आली. गाव तेच, माणसं तीच, कायदा तोच, तरी एक संस्था वाढते आणि शेजारची बसते. कारण विचारलं की लोक म्हणतात, "तिकडचा चेअरमन प्रामाणिक आहे हो." प्रामाणिकपणा तर हवाच. पण मला वाटतं तेवढ्याने भागत नाही. चेअरमन काम कसं करतो, खालच्या माणसाला बोलू देतो की नाही, यावर संस्थेचं बरंचसं ठरतं.

आपल्याच भागातल्या एका पतपेढीची सभा सांगतो. नाव घेत नाही. हॉलबाहेर टेबल, टेबलावर सह्यांचं रजिस्टर, शेजारी भेटवस्तूंचा ढीग. त्या वर्षी स्टीलचा डबा होता. सही केली की डबा आणि वडापावचं कूपन. आत सचिव विषय वाचतो, मागून चार जण ओरडतात, "मंजूर! मंजूर!" ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर, लेखापरीक्षकाची नेमणूक मंजूर. एक निवृत्त मास्तर उठले, थकबाकीचा आकडा विचारायला लागले. व्यासपीठावरून आवाज आला, "मास्तर, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" सभागृह हसलं. मास्तर बसले. वीस मिनिटांत सभा आटोपली. दुसऱ्या दिवशी छापायला प्रेसनोट आली: सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न.

हा 'खेळीमेळी' शब्द आला की मला आता काळजी वाटते.

याच विषयावर फार पूर्वी, १९३८-३९ च्या सुमारास, अमेरिकेत आयोवाला कुर्ट लेविन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. काही गटांवर हुकूम सोडणारा मोठा माणूस नेमला. काहींना सगळ्यांशी बोलून ठरवणारा दिला. काहींना असा दिला की जो नुसता बसून राही, काय हवं ते करा म्हणे. हुकूमवाल्या गटात काम भरपूर होई, पण तो माणूस खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत. बोलून ठरवणाऱ्या गटातली मुलं तो बाहेर गेला तरी काम करत राहिली. नुसता बसणाऱ्याच्या गटात कामही कमी आणि गोंधळही जास्त.

लहान मुलांचा प्रयोग तो, त्यावरून बँका चालवता येत नाहीत, मान्य. पण हे तीनही प्रकारचे पुढारी आपल्या सहकारात मला दिसले आहेत.

पहिला प्रकार, सगळं एका मुठीत. पीएमसी बँक आठवते ना? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. १९८४ मध्ये सायनच्या एका शाखेपासून सुरुवात, पुढे १३७ शाखा आणि ठेवी अकरा हजार कोटींच्या वर. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदाराला सांगितलं, सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढा. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांची सगळी जमा तिथे होती. ते सकाळी सहाला शाखेसमोर रांगेत उभे राहायचे. पैसे मिळणार नाहीत हे कळत होतं. पण घरी बसवत नव्हतं.

नंतर बाहेर आलं ते असं. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या घरात रक्कम एकट्या एचडीआयएल समूहाकडे अडकली होती. हे नाव वसई-विरारला नवीन नाही. त्या समूहाची ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. खुद्द व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून थकबाकी लपवल्याचं सांगितलं, आणि बँकेची पत जाईल ही भीती हे त्याचं कारण दिलं. बँकेचे चेअरमन तर आधी त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होते.

आता विचार करा. एवढ्या शाखा, शेकडो कर्मचारी, संचालक मंडळ, ऑडिटर. कोणालाच काही दिसलं नसेल? त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी शेवटी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना हे सांगितलं. म्हणजे माहिती आत होतीच. पण साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन "हे चुकतंय" म्हणायची सोय नव्हती, ते थेट बाहेर जाऊन सांगावं लागलं. २५ जानेवारी २०२२ पासून ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवीदारांना उरलेले पैसे हप्त्याहप्त्याने, काहींना दहा वर्षांपर्यंत थांबून मिळायचे आहेत. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.

दुसरा प्रकार याच्या उलट. कोणी बघतच नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक घ्या. १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगारांसाठी 'बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक' काढली, तीच ही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेची माणसं तिजोरी तपासायला गेली आणि कागदावर असलेली १२२ कोटींची रोकड प्रत्यक्षात नव्हती. लेखा विभागाच्या प्रमुखासह काही जणांना अटक झाली. कोण दोषी ते कोर्ट ठरवेल. माझा प्रश्न साधा आहे. आपल्याकडे किराणा दुकानदारसुद्धा रात्री शटर ओढायच्या आधी गल्ला मोजतो. इथे कोट्यवधींचा गल्ला कागदावरच मोजला जात होता का? ज्यांनी विचारायचं ते संचालक मंडळ काय करत होतं? मंडळ म्हणजे महिन्यातून एकदा चहा-बिस्किटं आणि सह्या, असं झालं की असंच होतं.

तिसऱ्या प्रकारासाठी थोडं मागे जाऊ, नगर जिल्ह्यात. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम. गावोगाव फिरून भागभांडवल जमवणारा माणूस विखे पाटील. त्यांच्या शब्दाला त्या भागात मान. सहज चेअरमन झाले असते, कोणी हरकत घेतली नसती. पण कारखान्याच्या अध्यक्षपदावर त्यांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना बसवलं आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. पहिली सुमारे दहा वर्षं कारखाना असा चालला. त्यानंतर विखे पाटील अध्यक्ष झाले.

मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्याच्यामागे सगळा गाव उभा, तो आपल्या डोक्यावर असा माणूस आणून बसवतो, जो त्याला हिशेबात अडवू शकेल. गाडगीळांना शेतकऱ्यांची मतं मागायची नव्हती आणि विखे पाटलांना अर्थशास्त्राचा आव आणायचा नव्हता. दोघांनी एकमेकांचं ऐकलं. पुढे महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढले ते याच वाटेवरून. त्यातले कित्येक नंतर घराण्यांच्या मालकीसारखे का झाले आणि आजारी का पडले, याचं उत्तरही इथेच सापडतं. अडवणारा माणूस खुर्चीच्या आसपास उरला नाही.

काही मित्र म्हणतील, सगळ्यांना विचारत बसलं तर काम कधी होणार? कडक माणूस पाहिजेच. मी नाही म्हणत नाही. जुलै २०१८ मध्ये आपली वसई पाण्याखाली होती, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल बंद, वीज नाही. तेव्हा कमिटी भरवून चर्चा करायची नसते. एकाने हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पण पूर ओसरतो. पूर ओसरल्यावरही ज्याला सगळ्यांनी ऐकतच राहावं असं वाटतं, तिथे गडबड सुरू होते.

माझ्याच धंद्यातला अनुभव सांगतो. मी दोन दैनिकांत काम केलं. एका ठिकाणी आमचे वरिष्ठ फार हुशार, पण आवाज मोठा. वाईट बातमी घेऊन कोणी गेलं की त्याचीच हजेरी. जाहिरातदाराविरुद्ध काही आलं की तोंडावर कागद फेकायचे. सहा महिन्यांत आम्ही सगळे शिकलो. वाईट बातमी न्यायचीच नाही, उद्घाटनं आणि सत्कार न्यायचे. ऑफिसात शांतता, साहेब खूश. आणि गावात मोठं काही घडलं की ते लोकांना दुसऱ्या पेपरात वाचायला मिळायचं. दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांची सवय वेगळी होती. संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचे, "आज आपलं काय चुकलं?" सुरुवातीला कोणी बोलेना. मग हळूहळू बोलायला लागले. ते साहेब एकदा महिनाभर आजारी होते. पेपर एक दिवस उशिरा निघाला नाही.

आपल्या वसईत अशी उदाहरणं नाहीत असं समजू नका. बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ ची. शंभर वर्षांहून जास्त काळात चेअरमन किती आले आणि गेले असतील, बँक आहे. आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'हरित वसई'च्या लढ्यात ते किती ठामपणे उभे राहिले ते जुन्या लोकांना विचारा. १९८३ पासून चोवीस वर्षं त्यांनी 'सुवार्ता' संपादित केलं, त्यात बाहेरच्या, वेगळ्या विचाराच्या लोकांना लिहायला जागा दिली, आणि २००७ मध्ये खुर्ची सोडली. मासिक पुढे चालू राहिलं. फादर २०२४ मध्ये गेले. ठामपणा आणि खुर्चीला न चिकटणं या दोन गोष्टी एका माणसात असू शकतात, हे आपण गावातच पाहिलंय.

आता कामाचं. कायद्याप्रमाणे सहकारी संस्थांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे (४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी ते एक लाख होतं). पतपेढीतल्या ठेवीला हे कवच नाही. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे तुम्ही स्वतः. म्हणून या वेळी डबा जरूर घ्या, वडापावही खा, पण हे पाच प्रश्न विचारा:

१. सगळ्यात मोठ्या पाच कर्जदारांकडे एकूण कर्जापैकी किती टक्के रक्कम आहे?

२. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय? त्यात थकबाकी किती?

३. ऑडिटचा वर्ग कोणता मिळाला? ऑडिटरने काढलेल्या चुकांचा दोषदुरुस्ती अहवाल सादर झाला का?

४. रोख आणि हिशेब सांभाळणारा माणूस किती वर्षं त्याच टेबलावर आहे? तो रजेवर गेला की काम कोण बघतं?

५. वर्षभरात संचालक मंडळाच्या सभेत एखाद्या ठरावाला कोणी विरोध केला का? केला असेल तर इतिवृत्तात त्याची नोंद आहे का?

पाचवा प्रश्न ऐकून व्यासपीठावरचे हसतील. हसू द्या. वर्षभरात बारा सभा झाल्या आणि एकदाही कोणी 'नाही' म्हटलं नाही, याचा अर्थ सगळे निर्णय बरोबर होते असा होत नाही. मला तर तिथे ठेव ठेवताना दोनदा विचार करावासा वाटेल.

उत्तर देताना चेअरमन चिडले तर ते लक्षात ठेवा. "बसा, सांगतो," म्हणून आकडे काढून दिले तर तेही लक्षात ठेवा आणि चारचौघांत त्यांचं कौतुक करा. चांगल्या चेअरमनला अशा सभासदांचा आधारच वाटतो.

आणि एक विनंती. तुमच्या सभेत एखादे मास्तर उठून थकबाकीचा आकडा विचारायला लागले आणि सभागृह हसायला लागलं, तर तुम्ही हसू नका. उभे राहा आणि म्हणा, "त्यांना बोलू द्या, मलाही तेच विचारायचंय."

तुमच्या संस्थेची सभा कधी आहे, अहवाल घरी आला का, ते खाली लिहा. अहवाल वाचायला अडचण असेल तर संध्याकाळी घेऊन या, बसून एकत्र वाचू.