दाना ओलीतील चौक आणि मेपलचे झाड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओलीच्या नावात जी ‘ओली’ आहे, ती आपली मराठी ओळच होय. नागपूरला जशी किराणा ओळ, भांडे ओळ, तशीच ही दाण्यांची, म्हणजे धान्याची ओळ. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी उज्जैनहून येथे आली आणि किल्ल्याच्या दक्षिणेस तिचा तळ पडला. तो तळ पुढे हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, बाजारपेठा वसल्या आणि गावाचे नाव लष्कर असेच राहिले. चिटणीसांची गोट, मांढऱ्यांची माता, पाटणकर बाजार ही नावे आजही येथील रिक्षावाल्याच्या तोंडी असतात. तो ‘गोट’ची ‘गोठ’ करतो, एवढेच. गोट म्हणजे सैन्याचा तळ हे त्याला ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर आपल्या नव्या पिढीलाही नसते.

दाना ओलीतून आज चालत जाणाऱ्याला वर विजेच्या तारांचे जाळे, खाली दुचाक्यांची दाटी आणि दोन्ही अंगांस दुकाने, एवढेच दिसेल. परंतु एखादा जुना दरवाजा उघडा असला, तर आत चौक दिसतो. या चौकांत झाडे लावण्याची एक ठरलेली रीत होती. मध्यभागी तुळशीवृंदावन, विहिरीपाशी केळ किंवा कर्दळ, देवपूजेसाठी पारिजातक, चाफा, जास्वंद. शोभेसाठी म्हणून झाड लावण्याची कल्पना वाड्याला मानवत नसे. झाडाने फूल द्यावे, पान द्यावे, निदान सावली तरी द्यावी. अशा चौकात मेपल लावण्याचा घाट कोणी घातला, असे म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. मात्र ही गोष्ट खरीच घडली.

आमच्या परिचयातील एका काकूंच्या वाटणीस वाड्याच्या मागल्या चौकाचा तुकडा आला आहे. बारा फूट रुंद, चौदा फूट लांब, उघड्या मातीचा. त्या वाड्यात उघडी माती आता तेवढीच उरली आहे. पुतण्यांचे म्हणणे असे, की तेथे फरशी घालून गाड्या ठेवाव्यात. दाना ओलीत गाडी उभी करणे ही किती बिकट बाब आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांना दोष देणार नाही. काकूंना तेथे झाड हवे होते. आणि झाड कोणते? तर मेपल, कारण टोरंटोत असलेल्या त्यांच्या नातीने दूरध्वनीवर सांगितले, “आजी, आमच्या दारात आहे तेच झाड तुझ्या दारात लाव, म्हणजे दोघींचे एकच झाड होईल.”

या वाक्यापुढे वनस्पतिशास्त्र फिके पडते. तरीही ते सांगणे भाग होते.

मेपल हे एकच झाड नव्हे. ते शंभराहून अधिक जातींचे कुळ आहे. कॅनडाने १५ फेब्रुवारी १९६५ रोजी ज्याचे पान आपल्या ध्वजावर घेतले, ते हेच कुळ. साखरी मेपलच्या खोडास वसंतारंभी भोके पाडून रस काढतात. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो. बागेसाठी जगभर ज्याची चाहत आहे तो जपानी मेपल मात्र आकाराने लहान, नाजूक पानांचा, सावकाश वाढणारा. शरदात दिवस लहान होऊ लागले, की पानांतील हरितद्रव्य विरते, झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि थंड रात्री व स्वच्छ उन्हाचे दिवस लाभले तर अँथोसायनिन नावाचे लाल द्रव्य पानांत तयार होते. म्हणजे ज्या लालीसाठी हे झाड लावावयाचे, ती हवेच्या कृपेवर अवलंबून. शिवाय हिवाळ्यात काही आठवडे सलग थंडीची विश्रांती मिळाली नाही, तर ते पुढल्या वर्षी नीट फुटत नाही.

आता आमचे ग्वाल्हेर पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी लू सुटते. जानेवारीत रात्री चार-पाच अंशांपर्यंत उतरतात खऱ्या, पण मार्च उजाडतो न उजाडतो तोच ऊन पोळू लागते. मेपलला थंड, ओलसर, किंचित आम्ल माती हवी. आमचे बोअरचे पाणी जड, चुन्याचे. त्या पाण्याने आणि त्या वाऱ्याने पानांच्या कडा प्रथम तपकिरी होतात, मग पान चुरगळते, मग फांदी वाळते. काकूंच्या मुलाने डोंगरी भागातील एका रोपवाटिकेतून मागविलेले रोप नेमके याच क्रमाने गेले. फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये इतके सुंदर पालवले की आळीतील बायका पाहावयास येत, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात कुंडीत नुसती काडी उरली. रोपवाटिकेने काय विकले याहून कोठे विकले, हा खरा प्रश्न होता.

यानंतर काकूंनी मला बोलावणे धाडले. “मास्तर, तुमच्या शाळेची बाग एवढी चांगली, मला एवढे सांगा, की झाड जगेल कसे?” मी म्हटले, “काकू, मेपल जगणार नाही. पण मेपलकडून तुम्हांला काय हवे आहे, ते सांगा. तेवढे देणारे झाड शोधू.” त्यांनी थोडा विचार करून सांगितले, की थंडीत पान लाल व्हावे, आणि नातीने सांगितलेली ती भिरभिरणारी बी असावी. मेपलचे फळ म्हणजे जोडीने लागणारे दोन पंख. गळताना ते भोवऱ्यासारखे फिरत खाली येते. नात ते नाकावर चिकटवून खेळते म्हणे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण अनेक घरांत हा गोंधळ आढळतो. काश्मीरहून आणलेल्या शालीवरचे वा लाकडी तबकावरचे पान मेपलचे समजले जाते. ते चिनाराचे असते. दोन्ही पाने हाताच्या पंजासारखी, पण कुळे निराळी. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, चिनाराची एकाआड एक. आणि चिनाराला पंखांऐवजी लोंबते गोंडे लागतात. खरे मेपल पाहावयाचे, तर कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत जावे. तेथील एका जातीचे पान तर मुळी कापलेलेच नाही, अखंड आहे. ते दाखविले, तर टोरंटोची नात त्यास मेपल म्हणून ओळखणारही नाही. आणखी एक: निळ्या पानांच्या मेपलच्या बिया हल्ली घरपोच विकल्या जातात. असे झाड जगात नाही. पैसे वाया घालवू नयेत.

थंडीत लाल होणारी झाडे आपल्याकडे आहेत. देशी बदामाची मोठी पाने गळण्यापूर्वी तांबडीलाल होतात, पण त्याचा पसारा चौदा फुटांच्या चौकात मावावयाचा नाही. कुसुंबाची चैत्रपालवी अशी लाल असते, की दुरून झाड फुलले आहेसे वाटावे. मात्र तो जंगलातला महावृक्ष, त्याची वाढ मंद, काकूंच्या वयाला तो परवडणारा नव्हे. माझे मत तामणावर स्थिरावले. तामण म्हणजे हिंदीतील जारूल, महाराष्ट्राचे राज्यपुष्प. जांभळी फुले उन्हाळ्यात, हे सर्वांस ठाऊक; पण गळण्यापूर्वी त्याची पाने तांबूस, लालसर होतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फळ वाळून उकलले, की आत ज्या लहान बिया असतात त्यांनाही एक पंख असतो. हे ऐकून काकूंचा चेहरा उजळला. शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घराने महाराष्ट्राचे फूल लावावे, हा युक्तिवाद मीही पुढे केला, पण त्यांना पंखाचेच अप्रूप अधिक.

राहिला प्रश्न फरशीचा. थोरल्या पुतण्याशी तीन बैठकी झाल्या. शेवटी निम्म्या भागात फरशी, निम्म्यात माती, असे ठरले. झाडासाठी भिंतीपासून सहा फूट जागा सोडावी असा माझा आग्रह होता. पाच फुटांवर तोडगा निघाला. जागा अपुरी आहे हे मी स्पष्ट सांगितले, आणि झाड छाटून लहान ठेवावे लागेल, हेही.

२०२३ च्या जुलैत, दोन पाऊस पडून गेल्यावर रोप लावले. अडीच फूट लांब, रुंद व खोल खड्डा आधी पंधरा दिवस उघडा ठेवला होता. त्यात निम्मी माती, पुरते कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू. वाड्याच्या जुन्या चुन्या-विटांचा राडा खड्ड्यात निघाला, तो सगळा वेचून बाहेर टाकावा लागला. जुन्या घरांत झाड लावणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. पहिले दोन हिवाळे रात्री गोणपाटाचे आवरण, कारण कोवळ्या तामणाला कडाका सोसत नाही. उन्हाळ्यात बुंध्याभोवती वाळल्या पाल्याचा थर, आणि पाणी संध्याकाळीच, मुळापर्यंत जिरेल असे. रोज शिंपडण्यापेक्षा दोन दिवसांआड भरपूर बरे. तामणाला पाण्याची ओढ असते, हे विसरू नये. छाटणी पाने गळून गेल्यावर, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. फुले नव्या फुटव्याच्या टोकाशी येतात, तेव्हा उशीर केला तर त्या वर्षीचा बहर गेला. बडोदे, हैदराबाद येथील वाचकांना कडाक्याचे भय नाही, त्यांनी गोणपाटाचा भाग सोडून द्यावा. डेहराडूनसारख्या ठिकाणी ज्यांची घरे आहेत, त्यांनी मात्र मेपलचाच विचार करावयास हरकत नाही. रोप कलमी घ्यावे आणि दुपारच्या उन्हाआड लावावे.

पहिल्या हिवाळ्यात रोपाला पानेच मोजकी होती. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या मध्याला, खालची सात-आठ पाने लाल झाली. काकूंनी त्यांतील दोन वहीत दाबून टोरंटोला पाठविली. नातीने उलट आपल्या दारातली दोन धाडली. ती वाटेत चुरली, पण देठ आणि रंग शाबूत होता. फूल अजून आलेले नाही. थोरला पुतण्या आपली मोटारसायकल फरशीच्या अगदी कडेला लावतो, आणि फाटक्या गोणपाटाच्या जागी यंदा नवे गोणपाट त्यानेच आणून दिले.