काळं ऑइल आणि कृष्णामाई

परवा आपल्या कराडात एका गॅरेजवाल्याला विचारलं, जळकं ऑइल गटारीत का ओततोस? म्हणाला, "दादा, कृष्णामाई सगळं पोटात घालते."

अर्धं खरंय. तेल खाणारे जिवाणू माती-पाण्यात असतातच. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' जहाजातून तेल सांडलं, तेव्हा सफाईला टेरी संस्थेचे 'ऑइलझॅपर' जिवाणूच वापरले. पण त्यांना हवा लागते, नायट्रोजन-फॉस्फरस लागतो, वेळ तर लागतोच. गटारीच्या गाळात हवा कुठली? वर जळक्या ऑइलमधले धातू त्यांना पचतच नाहीत, ते तसेच राहतात. आणि खाली पाणी पिणारी गावं आहेत, राव!

कायद्यानं हा घातक कचरा, परवानाधारकालाच द्यायचा. हे सांगितल्यावर गडी आता डब्यात साठवतोय. तीन डबे भरलेत. "न्यायला कोण येणार?" म्हणून रोज मलाच फोन करतो.