अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेता का?

देहूत म्हातारपणाच्या सोयीचा विषय निघाला की बोलणं दोन शब्दांवर येऊन थांबतं: घर की वृद्धाश्रम. इथे राहून हे इतक्यांदा ऐकलं आहे की प्रश्नाची मांडणीच चुकते, असं माझं ठाम मत झालं आहे. आधी पाहायला हवं ते हे, की चोवीस तासांत त्या माणसाला दुसऱ्याचा हात किती वेळा लागतो. अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण, या सहा गोष्टींवरून परावलंबन मोजायची पद्धत अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे आणि घरच्या कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन करता येते. सहाही गोष्टी स्वतः करणारा माणूस आणि सहाही गोष्टींना मदत लागणारा माणूस, दोघांचं वय 78 असलं तरी त्यांची सोय एका छताखाली सारखीच होणार नाही.

गोंधळ इथेच होतो. ज्येष्ठांसाठी बांधलेली गृहसंकुलं, पुण्यातल्या ‘अथश्री’सारखी, मुळात हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. तिथे स्वतःचा फ्लॅट, शेजार, जेवणाची सोय, हाकेला कुणीतरी, असं सगळं असतं. अशा प्रकल्पांसाठी महारेराने 2024 मध्ये निकष घातले. लिफ्ट, रॅम्प, न घसरणारी फरशी आणि चाकाची खुर्ची आत जाईल असे किमान 900 मिलिमीटर रुंद दरवाजे, असे ते आहेत. निकष चांगलेच आहेत, पण ते इमारतीचे आहेत; रात्री दोन वाजता कूस कोण बदलून देणार, हे त्यातून ठरत नाही. साध्या वृद्धाश्रमांचं पाहिलं तर अनेकांच्या प्रवेश-अर्जावरच अट असते: स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो पर्याय मनात धरून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो बंद होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषा केंद्रं वेगळी. आजार बरा होणार नाही हे कळल्यावर वेदना कमी करणारी जागा आणखी वेगळी. वारज्याचं सिप्लाचं केंद्र 1997 पासून हे काम मोफत करतं आहे. म्हणून कुठल्याही संस्थेत पहिला प्रश्न खोलीच्या भाड्याचा नको. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेता का, आणि घेत नसाल तर किती दिवसांची मुदत देता, हे लेखी विचारावं. परत न मिळणाऱ्या रकमेचंही तेव्हाच विचारून घ्यावं.

घरीच सांभाळू, असं म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे. पण आपल्या पट्ट्यातल्या घराचं वेळापत्रक चाकण-तळवड्याच्या पाळ्यांवर चालतं. मुलगा तिसरी पाळी करून झोपलेला, सून पहिल्या पाळीच्या कंपनी बसला. घर भरलेलं असूनही दुपारी म्हातारं माणूस एकटंच असतं. हालचाल थांबलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कमरेच्या हाडावर कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हे काम माया असून होत नाही, त्यासाठी माणूस जागेवर असावा लागतो. हिंडत्या माणसाला मात्र आश्रमाची गरजच नसते; दिवसा विरंगुळा केंद्र, दुपारी डोकावणारी मावशी आणि संडासात भिंतीला घट्ट दांडी, एवढ्यावर कित्येक वर्षं निघतात.

पैशाचा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या कामगाराच्या हातात ईपीएस-95 चं पेन्शन येतं. त्याची किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. माझ्या मते आता मागणी शुश्रूषेच्या खाटांची व्हायला हवी, कारण मध्यमवर्गाखालच्या घराला विकत घेता न येणारी गोष्ट तीच आहे.

तुकोबांच्या गावात आईबापांना बाहेर ठेवायचं का, असंही विचारतात. ज्याला उठवायला कुणी नाही अशा माणसाला घरात ठेवणं आणि जिथे दिवसरात्र माणूस आहे तिथे नेऊन दर आठवड्याला भेटणं, यांत टाकून देणं कुठलं, हे मला तरी स्पष्ट दिसतं. खरं टाकून देणं बहुतेकदा सातबाऱ्यावरचं नाव बदलल्यानंतर सुरू होतं. जमिनीला भाव आलेल्या या भागात बक्षीसपत्र करताना ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घालून घ्यावेत. त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली, अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करायचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो, आणि अट लेखी नसेल तर ती सिद्ध करायचं ओझं त्या म्हाताऱ्या माणसावर पडतं.