मी पाहिलेला 'कासव'

कृषी विस्तार अधिकाऱ्याने लेख लिहिला म्हणजे तो करप्यावर नाहीतर तुडतुड्यांवर असणार, असे तुम्ही धरूनच चालता. आज मात्र मी एका चित्रपटाविषयी लिहिणार आहे. त्या चित्रपटाने माझी एक चूक माझ्या पदरात घातली. ती आधी सांगतो.

आमच्या मुळशी तालुक्यात धरणाच्या वरच्या अंगाला एक तरुण शेतकरी आहे. त्याच्या परवानगीने, पण नाव न देता लिहितो. चारसूत्री भातलागवडीचे प्रात्यक्षिक मी त्याच्याच खाचरात घेतले होते, इतका तो हौशी. एका पावसाळ्यात सगळीकडे चिखलणी उरकली, याचे खाचर मात्र तसेच पडलेले. जाऊन पाहतो तो हा ओट्यावर खांबाला टेकून बसलेला. दाढी वाढलेली, जेवणावर वासना नाही, रात्रीची झोप नाही. मी चार माणसांदेखत म्हणालो, "अरे, तरणाताठा गडी तू! बायकोनं एकटीनं राबायचं आणि तू बसून राहायचं? हिंमत धर, कामाला लाग." तो "होय साहेब" एवढेच म्हणाला. आपण कर्तव्य केले अशा समाधानात मी मोटारसायकलला किक मारली.

आठ दिवसांत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचला. भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "साहेब, तो आळशी न्हवता. त्याच्यानं उठवतच न्हवतं." या बोलण्यावर मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्याला मुलीकडे गेलो असता तिने 'कासव' लावून दिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलेल्या या मराठी चित्रपटाला २०१६ सालचा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळाले. सुमित्राताई २०२१ साली गेल्या. मारामारी नाही, नाचगाणी नाहीत. पहिली दहा मिनिटे मी चुळबुळत होतो. नंतर मात्र जागचा हललो नाही.

गोष्ट साधी आहे. जीव द्यायला निघालेला एक पोरगा जानकी नावाच्या बाईंना वाटेत भेटतो. आलोक राजवाडे यांनी पोरगा केला आहे, इरावती हर्षे यांनी जानकी. बाई स्वतः याच आजारातून गेलेल्या. त्या त्याला कोकणातल्या घरी आणतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, "असं का केलंस" हे तर नाहीच. पोरगा तुसडेपणा करतो, तरी त्या जेवणाचे ताट देतात आणि आसपास राहतात. बाहेर अफाट समुद्र, वाळू, वारा. आत मिटून बसलेला एक जीव. बोलण्यापेक्षा चित्रातूनच सारे कळते. डॉ. मोहन आगाशे यांनी यात कासवांची अंडी राखणाऱ्या दत्ताभाऊंचे काम केले आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

कासवांचे हे राखण कोकणात खरोखरच चालते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ते सुरू केले. मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळूने बुजवते आणि परत जाते. कुत्री, कोल्हे आणि माणसे यांच्यापासून अंडी राखण्यासाठी गावकरी ती जाळीच्या कुंपणात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, वाळूवर सोडतात. चालायचे त्यांचे त्यांनाच. माणसाने फक्त राखण करायची.

हे पाहताना मला आपली भातलावणी आठवली. लावलेले रोप आठवडाभर पिवळे, मलूल दिसते. म्हणून ते उपटून "मूळ धरलं का रे?" असे कोणी पाहत नाही. पाणी राखतो आणि जीव धरू देतो. माणसाच्या बाबतीत मात्र मी रोप उपटून पाहिले होते.

उदासी हा आजार आहे. आळस नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नसेल, झोप-भूक हरपली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे डॉक्टरचे नाव काढले की "येरवड्याला धाडायचं का?" असे लोक विचारतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात; मध्येच बंद करू नये. १४४१६ हा शासनाचा टेलिमानस दूरध्वनी रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही चालतो. पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, तर उपचार देणे ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे. आणि शेतीखात्याचा माणूस म्हणून एक हात जोडून सांगणे : फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नका. कुलपात ठेवा, आणि घरात कोणी असे खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याच्या हाती असू द्या. काळी वेळ टळली की माणूस वाचतो.

चित्रपट पाहून आल्यावर मी पुन्हा त्या ओट्यावर गेलो. या खेपेला काही सांगितले नाही. तासभर शेजारी बसलो. आईने चहा दिला, तो दोघांनी घेतला. त्याचे औषध चालू होते. निघताना मी एवढेच म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं." तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, पुढल्या आठवड्यात पण या."

तेव्हापासून त्या बाजूला गेलो की मी त्याच्याकडे थांबतो. यंदा त्याने खाचरात इंद्रायणी लावला आहे.