दोन सेंटीमीटर चालतात

मशीन व्हिजनच्या धंद्यात माझी सगळी उमेदवारी मायक्रॉनमध्ये गेली. बोअरचा व्यास, गिअरच्या दात्यावरचा ओरखडा, कडेला राहिलेला बर. त्यामुळे २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला आणि इंजिनिअरिंगची पोरं तो रोबोवर बसवायला लागली, तेव्हा मी नाक मुरडलं. दीडशे डॉलरचं खेळणं! समोर इन्फ्रारेड ठिपक्यांची रांगोळी टाकायची आणि ठिपके किती सरकले त्यावरून अंतर काढायचं. दोन मीटरवर त्याची एकेक पायरीच साधारण सेंटीमीटरची, आणि अंतर दुप्पट झालं की चूक चौपट. यात मोजणार काय, कपाळ?

आता असले कॅमेरे मीच कोटेशनमध्ये घालतो.

मत फिरलं ते पोत्यांमुळे. पॅलेटवरची पन्नास किलोची पोती रोबोने एकेक उचलून कन्व्हेअरवर ठेवायची होती. औद्योगिक थ्रीडी कॅमेऱ्याची किंमत ऐकून मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला. मी पॅलेटजवळ टेप घेऊन उभा राहिलो. गाडीतून आलेलं पोतं एका कोपऱ्यात फुगलेलं, दुसऱ्यात बसलेलं. ड्रॉइंगच नाही तर टॉलरन्स कुठली? ग्रिपरही दोन सेंटीमीटर सहज सांभाळून घेत होता. तिथे मिलिमीटरचे पैसे कुणी का मोजावेत?

इंटेलचा रिअलसेन्स डी४३५ लावला. पन्नास मिलिमीटर अंतरावरचे दोन डोळे, शिवाय स्वतःचा ठिपक्यांचा प्रोजेक्टर. विणलेलं मळकट पोतं त्याला झकास दिसतं. पण स्ट्रेच फिल्मचा चकचकीत तुकडा वर राहिला की चित्रात त्या जागी काळं भोक. कॅमेरा थोडा तिरका केला, सेकंदाला तीस फ्रेम मिळतात त्यातल्या काहींचा मध्यक घेतला, आणि तरीही भोक राहिलं तर रोबोने थांबायचं, अंदाज बांधायचा नाही. मशिन केलेल्या बोअरसाठी मात्र हा कॅमेरा मी आजही लावणार नाही. तिथे माझा जुना हट्ट शाबूत आहे.

अचूकतेची भीती गेली, पण तिच्या जागी वेगळी आली. लाइन दहा वर्षं चालायची असते, ग्राहकोपयोगी माल तेवढा टिकत नाही. किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं, अझूर किनेक्टची विक्री २०२३ मध्ये. इंटेलने २०२१ मध्ये रिअलसेन्स आवरतं घेत असल्याचं सांगितलं, पण स्टिरिओ कॅमेरे चालू ठेवले. २०२५ मध्ये तर त्याची वेगळी कंपनीच झाली. म्हणून सॉफ्टवेअर असं लिहितो की उद्या दुसरा कॅमेरा लावला तर फक्त कॅलिब्रेशन करावं लागावं. कोटेशनमध्ये दोन जादा कॅमेरेही धरतो. मालक त्यातला एक हमखास खोडतात.